‘चांगला’ अ‍ॅम्प्लिफायर कोणता? : साध्या प्रश्नाचा संशोधन-प्रश्न कसा होतो

संशोधनाची तयारी करताना सगळ्यात जड जातं ते प्रश्न मांडणं. प्रयोग त्या मानाने सोपे. सिनॉप्सिस लिहायला बसलं की ‘अमुक आणि तमुक यांचा तुलनात्मक अभ्यास’ असं शीर्षक पटकन सुचतं. मग पहिल्याच सादरीकरणात समितीतलं कोणीतरी शांतपणे विचारतं, "तुलना कशाच्या बाबतीत? आणि कोणासाठी?" तिथे गाडी अडते.

आज हाच मुद्दा प्रयोगशाळेबाहेरच्या एका उदाहरणावरून बघू. उदाहरण मुद्दाम असं निवडलंय, की ज्यात मतं भरपूर, पैसा बराच आणि मोजमाप कमी. घरच्या हाय-एफिशियन्सी स्पीकरसाठी ट्यूबचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर निवडायचा. जुन्या लोकांच्या भाषेत व्हॉल्व्हचा. इलेक्ट्रॉनिक्स तुमचा विषय नसला तरी चालेल. बारावीचं भौतिकशास्त्र आणि थोडे लॉगॅरिदम आठवत असले की पुरे.

समजा, तुमच्या काकांनी निवृत्तीनंतर हौसेने मोठे कर्ण्याचे, म्हणजे हॉर्नचे स्पीकर घेतलेत. आता ते तुम्हाला विचारतायत, "अरे, तू रिसर्च करतोस ना? मग सांग बघू, कुठला ट्यूब अ‍ॅम्प चांगला?" दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरं सांगतो. किंमत लाखाच्या घरात. काकांना चुकीचं सांगून चालणार नाही, आणि ‘मला माहीत नाही’ म्हणूनही भागणार नाही.

आधी इतिहास, कारण त्यात अर्धं उत्तर असतं

कुठल्याही विषयात शिरताना विचारायचं, की ही गोष्ट अशी का झाली? १९३०च्या दशकात सिनेमागृहांना आवाज हवा होता, पण अ‍ॅम्प्लिफायरमधून मिळणारी पॉवर अगदी थोडी होती. मग अभियंत्यांनी स्पीकरच असे बनवले, की थोड्या वॅटमध्ये हॉल भरून जाईल. कर्णा नेमकं हेच करतो. स्पीकरचा छोटा पडदा थेट हवेला ढकलायला लागला तर बहुतेक मेहनत वाया जाते. कर्णा मधे आला की पडद्याची आणि हवेची गाठ नीट पडते आणि जास्त ऊर्जा आवाजात उतरते. जत्रेत, प्रचाराच्या जीपवर लोक कर्णे लावायचे ते याच कारणाने.

वेस्टर्न इलेक्ट्रिकची ३००ए ही ट्यूब १९३३ची आणि तिची पुढची आवृत्ती ३००बी १९३८ची. आजही शौकिनांच्या तोंडी ३००बीचं नाव पहिलं असतं. एकच ३००बी वापरून केलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून, ज्याला सिंगल-एंडेड म्हणतात, साधारण ८ वॅट मिळतात. २ए३ नावाच्या ट्यूबमधून असेच साडेतीन वॅट मिळतात.

पुढे ट्रान्झिस्टर आले आणि वॅट स्वस्त झाले. आता स्पीकर कार्यक्षम असण्याची गरज उरली नाही. लोकांना हवी होती लहान पेटी आणि खोल बास. इथे एक नियम आडवा येतो, ज्याला हॉफमन यांचा लोखंडी नियम म्हणतात : खोल बास, लहान पेटी आणि जास्त कार्यक्षमता या तीनपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. नव्या स्पीकरांनी पहिल्या दोन घेतल्या. काकांच्या मोठ्या स्पीकरांनी तिसरी घेतली आणि त्यासाठी अर्धा हॉल अडवला.

म्हणजे कमी वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि मोठा कर्णा ही जोडी एकत्रच वाढली. म्हणून ‘३००बी चांगली का?’ हा प्रश्न स्पीकर बाजूला ठेवून विचारला, की त्याचं उत्तरच संपतं. तुमच्या विषयातही अशा जोड्या असतात, त्या शोधून ठेवा.

पहिलं पाऊल : अंदाजे गणित

स्पीकरची सेन्सिटिव्हिटी डेसिबलमध्ये देतात : १ वॅट दिला तर १ मीटरवर किती आवाज. डेसिबलचे दोन आकडे लक्षात ठेवले की काम होतं. ३ डीबी म्हणजे पॉवर दुप्पट, १० डीबी म्हणजे दहापट.

साधा स्पीकर ८६ डीबीचा असतो. काकांचा ९८ डीबीचा आहे असं धरू. फरक १२ डीबीचा, म्हणजे सोळापट पॉवरचा. कार्यक्षमतेत सांगायचं तर ८६ डीबीचा स्पीकर दिलेल्या विजेपैकी साधारण पाव टक्का आवाजात उतरवतो आणि ९८ डीबीचा सुमारे ४ टक्के. म्हणजे ‘हाय-एफिशियन्सी’ स्पीकरसुद्धा ९६ टक्के ऊर्जा उष्णतेतच घालवतो! विशेषण ऐकलं की आकडा विचारायची सवय लावून घ्या, ती अशा वेळी कामी येते.

आता काका स्पीकरपासून ३ मीटरवर बसतात. मोकळ्या जागेत १ मीटरवरून ३ मीटरवर गेलं की आवाज साडेनऊ डीबीने उतरतो. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमी उतरतो, पण आपण वाईटातली वाईट बाजू धरू. स्पीकर दोन, म्हणून ३ डीबी मिळवू. ९८ वजा ९.५ अधिक ३, म्हणजे प्रत्येक स्पीकरला १ वॅट दिला तर काकांच्या खुर्चीवर ९१.५ डीबी.

घरात निवांत ऐकताना सरासरी पातळी ७५ डीबीच्या आसपास असते. तेवढ्यासाठी प्रत्येक स्पीकरला लागतात फक्त २२ मिलिवॅट. हो, मिलिवॅट. पण संगीत सरासरीवर चालत नाही. तबल्याची थाप, सतारीचा मिजराबी आघात, ऑर्केस्ट्राचा कळस, हे सरासरीच्या १५ ते २५ डीबी वर जातात. खुर्चीवर १०० डीबीचं शिखर हवं असेल तर :

- ८६ डीबीच्या स्पीकरला सुमारे ११२ वॅट,
- ९८ डीबीच्या स्पीकरला सुमारे ७ वॅट,
- १०४ डीबीच्या स्पीकरला २ वॅटहून कमी.

३००बीचे ८ वॅट काकांना पुरतात, जेमतेम पण पुरतात. आता अट बदलून बघू : १००ऐवजी ९५ डीबीचं शिखर चालणार असेल तर ७ वॅटऐवजी सव्वादोन वॅट पुरे, म्हणजे २ए३ सुद्धा चालेल. पाच डेसिबलच्या गृहीतकावर अख्खी निवड फिरली. म्हणून काकांना पहिला प्रश्न ट्यूबचा विचारायचाच नाही. "काका, तुम्ही किती मोठ्याने ऐकता?" हा विचारायचा, आणि जमलं तर त्यांच्या खुर्चीवर एखादं स्वस्त साऊंड लेव्हल मीटर ठेवून मोजायचं. कुठलं गृहीतक हललं की निष्कर्ष हलतो हे आधी शोधायचं आणि मोजमापाची मेहनत तिथेच घालायची. संशोधनात याला सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस म्हणतात, नाव मोठं असलं तरी काम एवढंच आहे.

आकडा कुठल्या अटीवर मोजलाय?

इथे एक सापळा आहे. बरेच उत्पादक सेन्सिटिव्हिटी ‘१ वॅटला’ न देता ‘२.८३ व्होल्टला’ देतात. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. पण ४ ओहमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट म्हणजे २ वॅट. त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरवर ९८ डीबी छापलं असेल तर खरे ९५ धरा. शिवाय काही आकडे खोलीत मोजलेले असतात, जिथे भिंती फुकटची भर घालतात.

दोन शोधनिबंधांतले आकडे शेजारी ठेवून तक्ता करताना तुम्ही हीच चूक करू शकता. एकक तेच, नाव तेच, पण मोजण्याची अट वेगळी. तक्त्यात ‘मोजण्याची अट’ असा एक रकाना ठेवाच. गाईड विचारायच्या आधी तुम्हालाच उत्तर माहीत असेल.

दुसरं पाऊल : वस्तू वेगळी नसते, जोडी असते

वॅटचं गणित सुटलं, आता खरा गमतीचा भाग. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचा एक अंतर्गत अडथळा असतो, त्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो ०.१ ओहम किंवा त्याहून कमी असतो. ३००बीचं बघू. या ट्यूबचा प्लेट रेझिस्टन्स साधारण ७०० ओहम. स्पीकरला जोडण्यासाठी मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, समजा ३५०० ओहमचे ८ ओहम करणारा. गुणोत्तर ४३७.५. ७०० भागिले ४३७.५ म्हणजे १.६ ओहम. त्यात ट्रान्सफॉर्मरच्या तारांचा अडथळा मिळवला की साधारण २ ओहम.

या दोन ओहमने काय बिघडतं? स्पीकरवर ‘८ ओहम’ छापलेलं असलं तरी तो सगळ्या सुरांना ८ ओहम नसतो. एखाद्या कंप्रतेला ५, दुसऱ्या एखाद्या ठिकाणी ४०. अ‍ॅम्प्लिफायरचे २ ओहम आणि स्पीकरचे ५ किंवा ४० ओहम यांच्यात व्होल्टेज वाटलं जातं. शाळेतला व्होल्टेज डिव्हायडर, दुसरं काही नाही. ५ ओहमच्या जागी स्पीकरला मिळतात सात भागांतले पाच, म्हणजे २.९ डीबी घट. ४० ओहमच्या जागी बेचाळीसातले चाळीस, म्हणजे फक्त ०.४ डीबी घट. परिणामी स्पीकरच्या स्वरपटात अडीच डेसिबलचा चढ-उतार अ‍ॅम्प्लिफायरमुळे तयार झाला! हाच हिशेब ०.१ ओहमला केला तर चढ-उतार जेमतेम ०.१५ डीबी येतो.

अडीच डीबी कानाला कळतात. कुणी म्हणेल ‘मधाळ’, कुणी म्हणेल ‘बास सैल झाला’. दोघंही एकाच गोष्टीचं वर्णन करत असतील. आणि महत्त्वाचं म्हणजे स्पीकर बदलला की चढ-उताराचा आकारही बदलतो. त्यामुळे ‘३००बीचा आवाज असा असतो’ हे वाक्य अपुरं आहे. ‘या स्पीकरवर ३००बीचा आवाज असा असतो’ एवढंच म्हणता येतं. संख्याशास्त्रात याला इंटरॅक्शन म्हणतात : ‘अ’चा परिणाम किती, हे ‘ब’ किती आहे त्यावर ठरतं. तुमच्या अभ्यासात दोन घटक असतील तर त्यांचे परिणाम सुटे सुटे सांगण्याआधी हे तपासा.

मग पुश-पुल का नको?

दोन ट्यूब एकमेकींच्या विरुद्ध दिशेने चालवल्या की त्याला पुश-पुल म्हणतात. ईएल३४च्या जोडीतून असे ३५ वॅटच्या आसपास मिळतात. पुश-पुलमध्ये दुसऱ्या, चौथ्या अशा सम हार्मोनिक्स बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही बाजूंचा डीसी प्रवाहही एकमेकांना खोडतो, त्यामुळे लहान गाभ्यातही बास चांगला निघतो. सिंगल-एंडेडमध्ये डीसी एकाच दिशेने वाहतो, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते आणि त्याच बाससाठी तो बराच मोठा करावा लागतो. सिंगल-एंडेड अ‍ॅम्प्लिफायर उचलताना कंबर धरते ती बऱ्याच अंशी या लोखंडामुळे.

पुश-पुलला सहसा निगेटिव्ह फीडबॅकची जोड असते. बेल लॅब्सचे अभियंते हॅरल्ड ब्लॅक यांना ती कल्पना १९२७ मध्ये सुचली. आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत इनपुटला द्यायचा, म्हणजे चूक स्वतःच कमी होते. १९४७ मध्ये विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये ट्यूबचाच एक अ‍ॅम्प्लिफायर मांडला : १५ वॅट, विकृती ०.१ टक्क्याहून कमी. म्हणजे ‘ट्यूब म्हणजे विकृती’ हे समीकरण तेव्हाच मोडलं होतं. फीडबॅकने आउटपुट इम्पीडन्सही खाली येतो. समजा तो ०.५ ओहम झाला, तर आपल्या स्पीकरवरचा चढ-उतार ०.७ डीबीवर येतो.

मग सिंगल-एंडेडच्या बाजूने काय? त्यातली विकृती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची असते आणि आवाज कमी केला की तीही कमी होते. ढोबळमानाने व्होल्टेज दहा पटीने कमी तर विकृतीची टक्केवारीही दहा पटीने कमी. पूर्ण ८ वॅटला ५ टक्के असेल तर ८० मिलिवॅटला अर्धा टक्का. काका सरासरी २२ मिलिवॅटवर ऐकतात! माहितीपत्रकातला ‘पूर्ण पॉवरला विकृती’ हा आकडा काकांच्या संध्याकाळबद्दल फारसं काही सांगत नाही. मोजमाप बरोबर आहे, पण चुकीच्या जागी केलंय. तुमच्या चाचणीची परिस्थिती वापराच्या परिस्थितीशी जुळते का, हा प्रश्न स्वतःला विचारत राहा.

ज्याकडे कोणी बघत नाही तो आकडा

हाय-एफिशियन्सी स्पीकर संगीत मोठं करतो, तशी गुणगुणही मोठी करतो. समजा अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटला १ मिलिव्होल्टची गुणगुण आहे. ८ ओहममध्ये ही पॉवर १ वॅटपेक्षा ६९ डीबी खाली. साध्या ८६ डीबीच्या स्पीकरपासून १ मीटरवर ती १७ डीबी ऐकू येईल, काकांच्या स्पीकरवर २९ डीबी, १०४ डीबीच्या स्पीकरवर ३५ डीबी.

आता कानाची बाजू. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायरनंतर उरलेली लहर १०० हर्ट्झची असते. निरोगी तरुण कानाला १०० हर्ट्झचा सूर साधारण २६-२७ डीबीपासून ऐकू येतो, तर ५० हर्ट्झला तीच मर्यादा ४४ डीबीच्या जवळ आहे. म्हणजे तीच १ मिलिव्होल्टची गुणगुण साध्या स्पीकरवर अजिबात ऐकू येणार नाही, १०४ डीबीच्या स्पीकरवर शांत रात्री नक्की ऐकू येईल आणि काकांच्या स्पीकरवर काठावर. तीच गुणगुण १०० ऐवजी ५० हर्ट्झची असेल तर तिघांनाही ऐकू येणार नाही. नुसतं ‘गुणगुण किती मिलिव्होल्ट’ एवढं पुरत नाही, कुठल्या कंप्रतेची हेही लागतं.

३००बी आणि २ए३ यांत फिलामेंट हेच कॅथोड असतं, म्हणून फिलामेंटला एसी दिला तर गुणगुण सहज शिरते. काकांच्या यादीत माझी एक अट पहिली असेल : गुणगुण अर्ध्या मिलिव्होल्टच्या आत. ३५ वॅटच्या जाहिरातीपेक्षा ही अट त्यांना रोज रात्री जास्त उपयोगी पडेल.

तिसरं पाऊल : ‘फरक ऐकू येतो’ याचा पुरावा

आता काका म्हणतील, "गणित राहू दे, माझे कान सांगतात ना!" कान हेही मोजमापाचं साधन आहे, त्याला हसायचं नाही. फक्त त्या साधनाला काही शिस्त लावायची.

एक, दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरची पातळी स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टमीटरने जुळवायची, ०.१ डीबीच्या आत, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण एक टक्का. थोडासा मोठा आवाज लोकांना ‘जास्त चांगला’ वाटतो, ‘मोठा’ वाटत नाही. दोन, ऐकणाऱ्याला आणि बदलणाऱ्याला, दोघांनाही कुठला चालू आहे ते माहीत नको. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये यासाठीच्या डबल-ब्लाइंड तुलना-यंत्रावर निबंध लिहिला. ती एबीएक्स पद्धत आजही वापरतात. तीन, किती वेळा ऐकवायचं ते आधी ठरवायचं.

समजा १६ वेळा ऐकवलं. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ३.८ टक्के. म्हणून १२ ही रेषा ठरवली. इथे दोन खाचा आहेत आणि दोन्ही प्रबंधात नेहमी दिसतात.

पहिली : वीस मित्रांना बोलावून प्रत्येकाची अशी चाचणी घेतली, तर कुणालाच काही ऐकू येत नसलं तरी किमान एकजण रेषा ओलांडण्याची शक्यता ५४ टक्के आहे. त्या एकाला ‘सोन्याचे कान’ म्हणून हार घालण्याआधी त्याची पुन्हा चाचणी घ्या.

दुसरी, उलट बाजूची : समजा काकांना खरंच फरक कळतो आणि ते ७० टक्के वेळा बरोबर सांगतात. तरी १६ फेऱ्यांत १२ची रेषा ओलांडण्याची त्यांची शक्यता फक्त ४५ टक्के आहे. म्हणजे काका नापास झाले तर ‘फरक नाही’ असं सिद्ध होत नाही. चाचणी लहान होती, एवढंच कळतं. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत, आणि व्हायव्हात बाहेरचे परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

चौथं पाऊल : कारण कसं शोधायचं

काकांनी १६ पैकी १५ ओळखले असं धरू. ट्यूबचा विजय? थांबा. १ किलोहर्ट्झला पातळी जुळवली तरी बाकी स्वरपटात अडीच डीबीचा चढ-उतार आहेच. त्यांनी ओळखलं ते कदाचित आउटपुट इम्पीडन्समुळे, ट्यूबमुळे नाही. हे वेगळं कसं करणार?

तिसरा पर्याय चाचणीत घाला : ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये २ ओहमचा रेझिस्टर. लॅमिंग्टन रोडवर चहाच्या भावात मिळेल असा १० वॅटचा वायरवाऊंड. पातळी पुन्हा जुळवा, पुन्हा ऐका. आता काकांना ट्यूब ओळखता आली नाही तर फरकाचा मोठा भाग त्या दोन ओहमचा होता असा अंदाज बळकट होतो. अजूनही ओळखता आली तर दुसरं काही शिल्लक आहे : दुसरं हार्मोनिक, ट्रान्सफॉर्मरचा बास, गुणगुण. मग एकेक करून पुढे जायचं. संशयित कारण दुसऱ्या बाजूला मुद्दाम घालून परिणाम तसाच येतो का ते बघायचं, हा नियंत्रित प्रयोगाचा गाभा आहे.

हेच मोठ्या प्रमाणावर १९८५ मध्ये अमेरिकेत झालं. बॉब कार्व्हर या अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या लोकांना सांगितलं, की तुमच्या आवडत्या महागड्या अ‍ॅम्प्लिफायरसारखाच वाजेल असा माझा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर मी करून दाखवतो. त्यांनी एक ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर निवडला. कार्व्हर दोन्हींचे आउटपुट एकमेकांतून वजा करत गेले आणि उरलेला फरक मूळ संकेताच्या सुमारे ७० डीबी खाली येईपर्यंत आपलं सर्किट बदलत राहिले. शेवटी ऐकणाऱ्यांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. यातून ‘सगळे अ‍ॅम्प्लिफायर सारखे’ असं निघत नाही. उलट ते सुरुवातीला वेगळे होते म्हणूनच बदलावे लागले. निघतं ते एवढंच, की फरक मोजता येण्यासारख्या गोष्टींत होता.

तर काकांना काय सांगाल?

उत्तर आता ‘हा घ्या’ असं एका नावाचं राहत नाही, अटींचं होतं. सरळ सांगा :

"काका, तुमच्या स्पीकरला ८ वॅट पुरतात, ३५ वॅटने शिखर साडेसहा डीबीच वाढेल आणि ते तुम्ही वापरणार नाही. गुणगुण अर्ध्या मिलिव्होल्टच्या आत आहे ना, ते दुकानात मोजून मागा. स्पीकरचा इम्पीडन्स आलेख मिळवा. तो सपाट असेल तर सिंगल-एंडेड बिनधास्त घ्या. त्यात खूप चढ-उतार असतील तर फीडबॅकवाला पुश-पुल बरा, नाहीतर निदान आधी घरी लावून ऐका. आणि सिंगल-एंडेड घेतलाच, तर ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमच्या टॅपला लावून बघा. आउटपुट इम्पीडन्स निम्म्यावर येईल आणि विकृती कमी होईल. पॉवरही घटेल, पण तुम्ही किती मोठ्याने ऐकता ते मोजलं असेल तर ती परवडते का ते कळेल."

यात एक गोष्ट पर्यायाची नाही. ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरच्या आत ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये तो राहू शकतो. झाकण उघडून मोजमाप करायचं नाही. आपल्याला लागणारी सगळी मोजमापं बाहेरून, स्पीकरच्या टर्मिनलवर होतात. तसंच स्पीकर किंवा लोड न जोडता ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरला संकेत देऊ नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अ‍ॅम्प्लिफायर अदलाबदल करताना घाईत हेच होतं.

आणि हे सगळं करूनही काकांना त्या लालसर उजळणाऱ्या ट्यूब आवडल्या म्हणून त्यांनी २ए३ घेतला, तर तो त्यांचा हक्क आहे. आवड हा वैध निकष आहे. फक्त त्याला ‘मोजमापाने सिद्ध’ असं नाव देऊ नये.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या सिनॉप्सिसमधलं मुख्य वाक्य एका कागदावर लिहा आणि त्याखाली या पाच प्रश्नांची प्रत्येकी एका ओळीत उत्तरं लिहा :

१. ‘चांगलं’, ‘प्रभावी’, ‘उच्च’ अशा शब्दांच्या जागी कुठला आकडा, कुठल्या एककात?
२. तो आकडा मोजण्याची अट वापराच्या परिस्थितीशी जुळते का?
३. कुठलं गृहीतक थोडं हललं की निष्कर्ष उलटतो?
४. परिणाम दिसला, तर तो दुसऱ्या कुठल्या कारणाने आला असू शकतो, आणि तुमचा ‘२ ओहमचा रेझिस्टर’ कोणता?
५. परिणाम दिसला नाही, तर तो दिसण्याइतका तुमचा नमुना मोठा होता का?

चौथ्या प्रश्नाला बहुतेक जण अडखळतात. त्यावर आठवडाभर घालवावा लागला तरी घालवा. नंतर दोन वर्षं विदा गोळा करून झाल्यावर तो प्रश्न दुसऱ्या कुणी विचारण्यापेक्षा हा आठवडा स्वस्त पडतो.